जमीन आहे ना? मग नुकसान काय!



नोव्हेंबर २०२२ मधली गोष्ट आहे. आमच्या भागातल्या एका कास्तकाराचा कापूस जिनिंगवर उतरायला रात्रीचे आठ वाजले. काटापट्टी खिशात घालून तो मोटरसायकलने गावाकडे निघाला. रस्त्याच्या आपल्या बाजूने चालला होता. मागून भरधाव मोटार आली, उडवून पुढे गेली आणि शंभर पावलांवर थांबली. लोक धावले. एका पोराने नंबर टिपून घेतला, एवढे एक शहाणपणाचे काम त्या रात्री झाले. चौथ्या दिवशी कास्तकार दवाखान्यात गेला. वय ४२. मागे बायको, म्हातारी आई, तीन लेकरे आणि साडेसहा एकर कोरडवाहू.

तेराव्याला मोटारमालक दारात आला. जिल्ह्याच्या गावचा ठेकेदार माणूस. सोबत गावातलेच दोन पुढारी, हातात पंचवीस हजार रुपये आणि आधीच टाइप करून आणलेला स्टँप पेपर : अपघात अंधारामुळे झाला, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. पुढारी म्हणाले, माणूस तर परत येत नाही, कोर्टकचेरीत घरही जाईल, घ्या मिटवून. दिराने सही केली. बाईचा अंगठा घेतला. ही बाई सातवी शिकलेली आहे, सही करते. पण दुःखात असलेल्या बाईचा अंगठाच घ्यायचा असतो, अशी आपल्याकडे रीत आहे.

पुढे दिराला कोणीतरी सांगितले की मोटारीचा विमा असतो, त्यातून पैसे मिळतात. मग तो ठेकेदाराच्या मागे लागला. आरसी द्या, विम्याचा कागद द्या, ड्रायव्हरचे लायसन द्या. ठेकेदार फोन उचलेना. घरी गेले तर साहेब साइटवर. तीन महिने हेलपाटे. बैठकीत दीर उभा राहून म्हणाला, "तो कागदच देत नाही, तर क्लेम करायचा कसा?"

आपल्या जिल्ह्यातल्या शंभर घरांत हाच प्रश्न ह्याच शब्दांत विचारला जातो, आणि प्रश्नच चुकीचा आहे. धडक देणाऱ्याच्या मर्जीवर आपली भरपाई अवलंबून आहे, ही समजूत कोणी करून दिली? ठेकेदाराने, त्याच्या पुढाऱ्याने आणि ठाण्याबाहेरच्या टपरीवर बसणाऱ्या दलालाने. सावकार आपलेच बाड आपल्याला दाखवत नसे आणि आपण त्याच्या पायरीवर बसून राहत असू, त्यातलाच हा प्रकार. कायद्यात असे काही नाही.

कायद्यात काय आहे ते ऐका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक गाडीला तिसऱ्या माणसासाठीचा, म्हणजे ज्याला धडक बसेल त्याच्यासाठीचा विमा सक्तीचा केला आहे. हा विमा मोटारवाल्याच्या सोयीसाठी नाही, रस्त्यावरच्या आपल्यासाठी आहे. हप्ता त्याने भरायचा, हक्क आपला. गाडीचा नंबर हातात असला की बाकीची माहिती ठाण्याने आणि आरटीओने द्यायची, असे कलम १६० सांगते. विहित फी भरा, लेखी अर्ज करा, पोच घ्या. आता तर एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की विम्याची मुदतही दिसते. ठेकेदाराच्या पायरीवर घालवलेल्या तीन महिन्यांत जे मिळाले नाही, ते गावातल्या कॉलेजच्या पोराने पाच मिनिटांत काढून दिले.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले केंद्राचे नियम आणखी पुढे जातात. अपघाताची पहिली खबर ठाण्याने ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला कळवायची. दहा दिवसांत जखमीला किंवा वारसांना त्यांच्या हक्कांचा छापील फॉर्म द्यायचा. ड्रायव्हरने आणि मालकाने ३० दिवसांत आपापले फॉर्म भरून तपास अधिकाऱ्याला द्यायचे. ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणापुढे ठेवायचा, आणि तो अहवाल म्हणजेच आपला दावा असे कायदा मानतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात सगळ्या राज्यांना हे नियम पाळण्याचे आदेश दिले. म्हणजे मालकाकडून कागद काढण्याचे काम ठाणेदाराचे आहे. ते ठाणेदार एका विधवेच्या दिरावर ढकलतो आणि आपण ते मुकाट्याने डोक्यावर घेतो.

तो हक्कांचा फॉर्म तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? बैठकीत विचारले तेव्हा एकही हात वर झाला नाही. ज्यांच्या घरी अपघात झाला असे अकरा जण तिथे बसले होते.

आमच्या लोकांनी ठाण्यात जाऊन अर्ज दिला, पोच मागितली, आठ दिवसांनी पुन्हा गेले, दुसऱ्या अर्जाची प्रत पोलीस अधीक्षकांना लावली. मग अहवाल हलला. मोर्चा नाही, रास्ता रोको नाही, दोन अर्ज आणि दोन पोचा. एका बाईने एकटीने अर्ज दिला तर तो टेबलाच्या खणात जातो, पंधरा जण सोबत गेले तर आवक नंबर पडतो. संघटना कशासाठी असते, हे विचारणाऱ्यांना एवढे सांगून ठेवतो.

मालक न्यायाधिकरणात आला नाही तर? न येऊ दे. नोटीस बजावली, तो आला नाही, तर प्रकरण त्याच्याशिवाय चालते. ड्रायव्हर साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही तर त्याचे न येणे त्याच्याच विरुद्ध धरले जाते. फौजदारी खटल्यातून तो सुटला तरी दावा बुडत नाही. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, इथे कोणाची बाजू जास्त संभवनीय हे पाहिले जाते. लायसन खोटे निघाले म्हणून विमा कंपनी हात झटकू लागली, तर २००४ सालच्या स्वर्ण सिंग निकालाकडे बोट दाखवा : पुष्कळ प्रकरणांत कंपनीने आधी आपल्याला पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे. दावाही ठेकेदाराच्या गावी जाऊन लावायची गरज नाही. गाडी पुण्याची असो की हैदराबादची, आपण राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. आणि तो स्टँप पेपर? अज्ञान लेकरांचा हक्क चुलत्याच्या सहीने विकता येत नाही.

एक गोष्ट मात्र घाईची आहे. दावा करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ही मुदत १९८८ च्या कायद्यात होती, १९९४ साली संसदेने ती काढून टाकली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली. एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर घरी बसू नका. मोटारवाला "देतो, बघतो, दिवाळीनंतर या" म्हणतो, तेव्हा तो नुसता टाळत नसतो, हे सहा महिने खात असतो. पहिली पंधरवडी गेली आणि कागद आले नाहीत की त्याचा नाद सोडा.

इथपर्यंतची लढाई आमच्या त्या घराने जिंकली. खरी गोष्ट पुढे आहे.

उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने बाईला विचारले, जमीन किती? साडेसहा एकर. नवऱ्याच्या नावावर होती? हो. आता कोणाच्या नावावर? माझ्या आणि लेकरांच्या. म्हणजे जमीन तुमच्याकडेच आहे? आहे. पिकते? पिकते. वकील न्यायाधीशांकडे वळला. जमीन आहे, पिकते आहे, मग उत्पन्नाचे नुकसान काय झाले?

मी त्या दिवशी मागच्या बाकावर होतो. कृषी महाविद्यालयात चार वर्षे जे शिकलो आणि नंतर वीस वर्षे शेतावर जे शिकलो, ते सगळे त्या एका वाक्यात मातीला मिळाले.

हा त्या वकिलाच्या डोक्यातून निघालेला मुद्दा नाही. हरियाणा राज्य विरुद्ध जसबीर कौर या २००३ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की शेतकरी गेला तरी जमीन वारसांकडे राहते, म्हणून उत्पन्न बुडाल्याचा नेहमीचा नियम शेतीला जसाच्या तसा लागत नाही. फार तर वारसांना शेती बघायला माणूस ठेवावा लागेल, तो खर्च पाहायचा. तेव्हापासून देशभरातल्या विमा कंपन्या पहिला अर्धा भाग पाठ म्हणतात आणि दुसरा अर्धा गिळतात. नोकरदार मेला तर त्याचा पगार गेला. दुकानदार मेला तर धंदा गेला. शेतकरी मेला तर फक्त "देखरेख" गेली! देखरेखीची किंमत महिन्याला दोन-चार हजार, वर मजुरीचे काही, झाले.

जमीन राहते, खरे आहे. पण मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर पेरायचे की आणखी एक पाऊस बघायचा, हे ठरवणारा राहत नाही. चुकले तर बियाण्याच्या थैल्या मातीत आणि दुबार पेरणी. हलक्या रानात ज्वारी, भारीत कापूस, तुरीची ओळ कितव्या तासाला, हे ठरवणारा जातो. पऱ्हाटीत वाकून गुलाबी बोंडअळीचे डोमकळी झालेले फूल ओळखणारा आणि मग कोणते औषध, किती, केव्हा हे ठरवणारा जातो. मजूर, बैलजोडी आणि पाणी एका दिवशी एका जागी आणणारा जातो. सोसायटीचे कर्ज, कृषी केंद्राची उधारी, कापूस आज विकायचा की फाल्गुनापर्यंत घरात ठेवायचा, हे डोक्यात घेऊन झोपणारा जातो. एखादा कारखाना यंत्रांसकट जागेवर उभा आहे आणि चालवणारा मेला, तर नुकसान शून्य, असे कोणी म्हणेल काय?

गंमत बघा. शासनाच्या स्वतःच्या उत्पादनखर्चाच्या हिशेबात घरच्यांच्या मजुरीचा रकाना आहे. त्यापुढे सी-३ नावाचा खर्च आहे, त्यात व्यवस्थापनाचा मोबदला म्हणून एकूण खर्चाच्या दहा टक्के धरतात. म्हणजे शेतकरी हा व्यवस्थापक आहे हे दिल्लीच्या अर्थशास्त्र्यांना माहीत आहे. पण हमीभाव ठरवताना हा रकाना मिटवला जातो आणि रस्त्यावर मेल्यावर विमा कंपनी तोच रकाना पुन्हा मिटवते. जिवंतपणी ज्याच्या कामाला भाव नाही, त्याच्या मरणाला तरी कुठून येणार? रास्त भावाचे आंदोलन आणि अपघाताचा दावा ही दोन वेगळी कामे आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा न्यायाधिकरणात जाऊन मागच्या बाकावर बसावे.

ह्या एका आकड्यावर किती अवलंबून असते ते हिशेबाने सांगतो. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांनी हिशेब ठरवून दिला आहे. आमच्या कास्तकाराचे उत्पन्न न्यायाधिकरणाने महिना ९,००० रुपये धरले. वर्षाचे १,०८,०००. वय ४० ते ५० मधले, स्वतःचा व्यवसाय, म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवून १,३५,०००. अवलंबून पाच माणसे, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, राहिले १,०१,२५०. बेचाळीस वयाला गुणक १४. झाले १४,१७,५०० रुपये. अंत्यविधी, सहवास वगैरेचे ठरीव पैसे वेगळे. तेच उत्पन्न महिना १५,००० धरले असते तर २३,६२,५०० झाले असते. सरळ सांगायचे तर महिन्याच्या उत्पन्नात हजाराचा फरक पडला की त्या लेकरांच्या पदरात १,५७,५०० रुपयांचा फरक पडतो. आणि ठेकेदार आला होता पंचवीस हजार घेऊन!

मग हे उत्पन्न दाखवायचे कसे? आपण काहीच जपून ठेवत नाही. काटापट्टी खिशात असते, सदरा धुतला की संपली. सातबारा आणि पीकपाहणीने जमीन आणि पीक सिद्ध होते, उत्पन्न नाही. बाजार समितीच्या आणि जिनिंगच्या तीन वर्षांच्या पट्ट्या, कापूस महामंडळाला दिला असेल तर बँकेत जमा झालेली रक्कम, कृषी केंद्राची पक्की बिले, पीककर्जाचा उतारा, दूध घालत असाल तर डेअरीचे पासबुक, हे एका पिशवीत घालून ठेवा. पक्के बिल मागा, तो दुकानदार कितीही कुरकुरला तरी. आणि कागद नसेलच तरी हातपाय गाळू नका. २०१४ साली सय्यद सादिक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भाजी विकणाऱ्याचे उत्पन्न कागदाशिवाय ६,५०० रुपये धरले होते. २००८ च्या अपघातासाठी, हे लक्षात घ्या.

सगळ्यात मोठा पुरावा मात्र नवरा गेल्यानंतरच्या वर्षात तयार होतो, आणि तो कोणी मांडत नाही. आमच्या त्या बाईने पहिल्याच हंगामात चार एकर बटईने दिले. घरी कसत होते तेव्हा त्या चार एकरांचे सगळे पीक घरात येत होते, आता अर्धे येते. जे अर्धे गेले, ती त्या माणसाच्या डोक्याची आणि हातांची बाजारातली किंमत! जसबीर कौर निकालातल्या दुसऱ्या अर्ध्या भागात हे नेमके बसते. बटई आपण कागदावर लिहीत नाही, म्हणून बटईदाराला साक्षीला उभे करा. आमच्या प्रकरणात ही साक्ष झाली नाही. वकिलांना सुचले नाही, आणि मला सुचले तोवर पुरावा बंद झाला होता. ही चूक माझी आहे. वाढीव भरपाईचे अपील आता उच्च न्यायालयात आहे.

घरची बाई अपघातात गेली तर? तिच्या नावावर जमीन नाही, पगार नाही, म्हणून दावाच होत नाही असे मानणारे नवरे मी पाहिले आहेत. घरकामाचे उत्पन्न धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली कीर्ती प्रकरणात बजावले आहे. आपल्या बाया तर घरकामावर निंदण, खुरपण आणि वेचणीही करतात. त्याचा रोज सांगा.

आता थोडे आपल्याच अंगणात बघू. बंडीला मागे लाल पट्टी नाही, मोटरसायकलवर तिघे, हेल्मेट घरी खुंटीला : वकील हे सगळे विचारतो आणि भरपाईतून तेवढा वाटा कापला जातो. आणि आपला ट्रॅक्टर? कापूस भरलेल्या टेम्पोत मालाचा मालक बसला तर त्याला विम्याचे संरक्षण आहे, १९९४ च्या दुरुस्तीपासून. पण वेचणीच्या बायांनी भरलेली ट्रॉली उलटली, तर विमा कंपनी म्हणते ही माणसे नेण्याची गाडी नाही, आणि न्यायालये पुष्कळदा तिचे ऐकतात. मग भरपाई येते ट्रॅक्टरमालकावर, म्हणजे आपल्यातल्याच कोणाच्या तरी सातबाऱ्यावर. त्या दिवशी बाईच्या घरी पंचवीस हजार आणि स्टँप पेपर घेऊन जाणारा ठेकेदार आपण होणार आहोत काय? ट्रॅक्टरचा विमा संपला असेल तर आधी तो भरा.

दलालांविषयीही बोलले पाहिजे. दवाखान्याच्या दारातच नातेवाइकाच्या हातात वकिलाचे कार्ड ठेवतात आणि निकालातले पंचवीस-तीस टक्के ठरवून घेतात. निकालाच्या रकमेत वाटा घेणे वकिलांच्या स्वतःच्या नियमांना मंजूर नाही. कोणत्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. काम रेटून घ्यावे लागते, एवढेच.

गाडी पळून गेली, नंबरच नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार शासनाच्या निधीतून मिळतात, त्याचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे करायचा. गाडीचा विमा नसेल, तर मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय ती ठाण्यातून सोडू नये असे नियम सांगतो. त्याच आठवड्यात लेखी हरकत द्या, कारण गाडी एकदा बाहेर पडली की मालक सापडत नाही. कृषी खात्याची गोपीनाथ मुंडे अपघात योजना वेगळी आहे. तिचे दोन लाख घेतले म्हणून न्यायाधिकरणातला हक्क जात नाही.

निकाल लागूनही कंपनी पैसे भरत नसेल तर कलम १७४ वाचून दाखवा. न्यायाधिकरणाच्या दाखल्यावर जिल्हाधिकाऱ्याने ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करायची आहे. ह्या वसुलीचा अर्थ काय असतो, ते कंपनीला कळत नसेल, तुम्हाला मी सांगायला नको. ढोल, तलाठी, जप्तीची नोटीस, आपण सगळे पाहिले आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांच्या घरी २०२२ नंतर अपघात झाला आहे त्यांनी एफआयआरची नक्कल, गाडीचा नंबर आणि असतील त्या काटापट्ट्या घेऊन या. ज्यांचे सहा महिने व्हायचे आहेत त्यांनी बैठकीची वाट पाहू नये, आधीच तालुका कार्यकर्त्याला गाठावे. आणि कोणी बटईने जमीन कसत असेल आणि साक्षीला उभे राहायची तयारी असेल, तर त्यानेही यावे. आम्हाला असा माणूस हवा आहे.